पासंग

फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार. बाहेर उणे सव्वीस.
नदी इतकी गोठलीय की तिच्यावर ट्रक उभे करून
माणसं भोकातून मासे धरतायत.
आत, भूशास्त्र विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर,
तीन प्राध्यापक आणि मी.
मी समितीत नाही. मी टंकते.

डीनकडून यंदा दोन पूर्णांक एक टक्का आलाय.
खाणारी तोंडं अकरा.
संशोधनाला चाळीस, शिकवण्याला चाळीस, सेवेला वीस.
सेवा म्हणजे नेमकं काय
हे एकोणीस वर्षांत मला कुणी सांगू शकलेलं नाही.

पेट्रुखिनबाईंचे सात निबंध. पाचपैकी पाच,
कुणी हूं की चूं करत नाही.
थॉर्सनचा एकच, पण मोठ्या नियतकालिकात.
मोठं म्हणजे किती मोठं, यावर चाळीस मिनिटं.
गार्व्हिन क्वाल समितीतच बसतो. स्वतःचं नाव आलं
की नियमाप्रमाणे उठून बाहेर जातो,
कॉफीच्या मशीनपाशी पाठ करून उभा.
भिंतीला कान असतात म्हणे. मी पाठीला पाहिलेत.
तो परत येतो तेव्हा
सगळे थंडीबद्दल बोलत असतात.

मग एमेट रस्टाड.
निबंध नाही. अनुदान नाही.
विद्यार्थी लिहितात: आवाज एकसुरी, पण प्रश्न विचारला तर
जेवण सोडून उत्तर देतो.
‘भला माणूस आहे,’ क्वाल म्हणतो.
भला या शब्दामागून
‘पण’ येतोच, आणि आला.

ऑक्टोबरात पहिल्या वर्षाच्या एका मुलीचा भाऊ
तेलविहिरीवर गेला. बस दुसऱ्या दिवशी होती.
विभागाच्या व्हॅनच्या चाव्या मी दिल्या,
म्हणून मला ठाऊक.
जाऊन-येऊन सहाशे बारा मैल, बर्फातून,
आणि सकाळी आठला वालुकाश्मावर तास घेतलान,
कालचाच शर्ट घालून.
वहीत मी ‘क्षेत्रभेट’ लिहिलं.
पेट्रोलचे पैसे त्याने मागितले नाहीत.
हे कुठल्या रकान्यात घालतात?
मी विचारलं नाही. मी टंकते.

बेरीज आली: तीन पूर्णांक पंचेचाळीस.
साडेतीनला ‘अपेक्षेहून सरस’,
त्याखाली ‘अपेक्षेइतका’.
मधल्या भेगेत वर्षाचे नऊशे बारा डॉलर.
दशांशाची किती घरं धरायची
याबद्दल नियमावली गप्प आहे.
समिती कोट चढवत होती, हातमोजे शोधत होती.
मी एक घर कमी केलं.
एक टिचकी.
तीन पूर्णांक पाच.

पुण्य वगैरे म्हणू नका.
ते पैसे आभाळातून पडले नाहीत,
दहा जणांच्या ताटातून
एक्क्याण्णव डॉलर वीस सेंट प्रत्येकी उचलले गेले.
थॉर्सनला जुळी झालीत. पेट्रुखिनबाई
आईला दर महिन्याला पैसे पाठवतात;
मनीऑर्डरच्या पावत्या त्या
माझ्याच मशीनवर छापतात.
माझी स्वतःची वाढ युनियनच्या करारातली, सरसकट दीड टक्का.
मला कुणी जोखत नाही.
खरं सांगते, बरं वाटतं.

प्रयोगशाळेत पितळेचा जुना तराजू आहे.
एका पारड्याच्या बुडाला शिशाचा छर्रा
चिकटपट्टीने लावलेला.
कुणी लावला, आता आठवत नाही कुणाला.
नवे विद्यार्थी तो खोडी समजून काढतात
आणि मग दोन दिवस
सगळे दगड खोटं बोलतात.

पत्रं मी शुक्रवारी खणांत टाकली.
सोमवारी एमेट आला, बुटांचा बर्फ झटकत,
पाकीट घेतलं, उघडलं नाही.
माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलून
त्याच्या मागच्या बाजूला
कुठल्याशा खड्याचं वजन लिहिलं,
विसरू नये म्हणून,
दशांशाच्या दोन घरांपर्यंत.